ऊनपावसाचा हात

दिवाळीची सुटी लागली, की चाळीच्या अंगणात, वाड्याच्या चौकात आणि हल्ली सोसायटीच्या कोपऱ्यात मुले किल्ला करायला बसतात. विटांचे तुकडे आणि दगड रचायचे, त्यांवर भिजवलेली गोणपाटे टाकायची, वर चिखल लिंपायचा. उतारावर अळीव पेरायचे. चार दिवसांत त्याचे रान होते. आरशाचा तुकडा म्हणजे तळे आणि रंगवलेला भुसा म्हणजे रस्ता. पहारेकरी मावळा महादरवाजापेक्षा उंच असतो आणि गुहेतला वाघ बालेकिल्ल्याहून मोठा. पण त्याची खंत कुणालाच नसते. भाऊबीज उलटते, अळीव पिवळे पडते, आणि किल्ल्याची माती पुन्हा कुंड्यांत जाते.

या किल्ल्याचे एक थोरले आणि शिकलेसवरलेले भावंड युरोप-अमेरिकेत घरोघर नांदते. ते म्हणजे छोट्या आगगाडीचा देखावा. किल्लीची किंवा विजेची खेळण्यातली गाडी आपल्यालाही ठाऊक आहे. पण या मंडळींना गाडी हे निमित्त. तिच्याभोवतीचा मुलूख, त्यातले पूल, शेते, घरे आणि स्टेशने मापात उभी करायची आणि मग त्या कोऱ्या करकरीत मुलखाला जुने करायचे, यात त्यांची वर्षे जातात. या जुने करण्याला इंग्रजीत ‘वेदरिंग’ असा शब्द आहे. मराठीत मी त्याला ‘ऊनपावसाचा हात फिरवणे’ म्हणेन. हा हात कसा फिरतो, हे पाहण्यासाठी मी गेल्या उन्हाळ्यात पेंडनला गेलो.

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून पश्चिमेकडे जाणारी गाडी धरली, की डिडकॉट लागते. तेथून दोनतीन मैलांवर थेम्सच्या काठाने लाँग विटनहॅम नावाचे गाव आहे. एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना घरे, त्यांतली काही गवती छपराची, आणि मागे झाडांची शेंडी मिरवणाऱ्या दोन टेकड्या. या गावात पेंडनचे संग्रहालय आहे. ते रोज उघडे नसते. वार बघून जावे लागते. पेंडन पार्वा हे खेडे मात्र नकाशात शोधू नये. ते कल्पित आहे. मौज अशी, की त्या कल्पित खेड्यातले प्रत्येक घर खरे आहे.

या गोष्टीचा नायक आहे रॉय इंग्लंड. आडनाव इंग्लंड, पण माणूस ऑस्ट्रेलियातला. १९२५ साली हा तरुण इंग्लंडला आला तो ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या वेडाने भारलेला. स्विंडनला त्या रेल्वेचे मोठे कारखाने होते. त्यांच्या आसपास हिंडताना त्याची नजर रुळांवरून हळूहळू बाजूच्या खेड्यांवर गेली. ‘व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स’ हे त्या खोऱ्याचे नाव. तेथल्या टेकडीवर गवत खरवडून आतल्या पांढऱ्या खडूत एक प्रचंड घोडा रेखलेला आहे. तो सुमारे तीन हजार वर्षांचा मानतात. इतक्या पिढ्या तो टिकला, कारण गावकरी ठरावीक काळाने त्याच्यावरचे तण काढून नवा खडू ठोकत आले. त्यांनी हात आखडता घेतला असता, तर गवताने तो केव्हाच गिळला असता.

घोड्याची काळजी घेणाऱ्यांना आपल्या घरांचे मात्र विशेष वाटत नव्हते. घर म्हणजे राहायची जागा. मोटारी आल्या, रस्ते रुंदावले, गवती छपरे उतरली, त्यांच्या जागी नवी स्वस्त छपरे आली. गावात जन्मलेल्याला यात सोय दिसत होती, आणि ती होतीही. बाहेरून आलेल्या रॉय इंग्लंडला दिसले ते हे, की पुढच्या वीसपंचवीस वर्षांत हा सगळा मुलूख ओळखू येणार नाही. घरे विकत घेऊन राखायची, तर त्याच्यापाशी पैसा नव्हता. त्याने मापपट्टी घेतली. घराघरासमोर उभे राहून मापे काढली, छायाचित्रे घेतली, विटांचे आणि दगडांचे रंग टिपून ठेवले, आणि एकेक घर पुठ्ठ्याचे करायला घेतले. १९५४ साली त्याने लाँग विटनहॅमला जागा घेतली आणि तेथे हे संग्रहालय उभे राहू लागले. समानधर्मी माणसे येऊन मिळाली, बहुतेक बिनपगारी. १९९५ साली तो वारला, तेव्हा खोऱ्याचा देखावा पुरा झालेला नव्हता. त्यावर पुढच्या हातांनी काम चालू ठेवले.

आत शिरल्यावर पहिल्यांदा डोळ्यांना माप सापडत नाही. सगळे खऱ्याच्या शहात्तराव्या भागाएवढे आहे. साडेपाच फुटी माणूस येथे बावीस मिलिमीटर. नऊ इंची वीट तीन मिलिमीटर लांब आणि जेमतेम एक मिलिमीटर जाड, म्हणजे ज्वारीच्या दाण्याहूनही लहान. भिंत पुठ्ठ्याची असते. तिच्यावर विटांच्या सांध्यांच्या रेघा टोकदार हत्याराने ओढायच्या आणि मग जलरंगाने एकेक वीट वेगळी रंगवायची. कारण भट्टीतून निघालेल्या दोन विटा कधी एका रंगाच्या नसतात. एका घरात अशा हजारो विटा. गवती छपराला नळ जोडणारे वापरतात तो तागासारखा धागा लागतो. तो जुड्या बांधून, खालून वर एकेक थर चिकटवत जायचा, अगदी खरा शाकारणारा करतो तसा. परसात कोबीचे गड्डे आहेत, आणि त्यांना पाने आहेत. एका घराला हजार-हजार तास लागतात, असे कळले तेव्हा माझ्या शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी नुसता “अरे देवा” या अर्थाचा सुस्कारा टाकला.

जमीन करण्याची रीत मात्र आपल्या किल्ल्याच्या जवळची आहे. लाकडी चौकट, तिच्यावर तारेची जाळी किंवा पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचे विणकाम, वर प्लास्टरमध्ये बुडवलेले कागद किंवा फडके. ते वाळले की डोंगराला कातडी आली. मग मातीचा रंग, आणि त्यावर गवत. पूर्वी रंगवलेला भुसा भुरभुरवत असत. आता गवताच्या जागी नायलॉनचे बारीक तंतू येतात. जमिनीला गोंद लावायचा आणि विजेचा भार दिलेल्या चाळणीतून ते सोडायचे. त्या ओढीने ते पडताना आडवे न होता उभे राहतात. झाडे तारेची. पुष्कळ तारा एकत्र पिळून बुंधा करायचा आणि वर जाताना दोनदोन सोडवत फांद्या काढायच्या. रुळांखाली चाळलेली बारीक खडी पसरायची आणि तिच्यावर पातळ केलेला गोंद थेंबाथेंबाने सोडायचा. त्या गोंदात साबणाचा एक थेंब घालतात. नाहीतर गोंदाचा थेंब खडीवर मोत्यासारखा बसून राहतो आणि आत मुरतच नाही.

इमारतीत आणखी एक जुना देखावा जपलेला आहे, जॉन अहर्न यांची ‘मॅडर व्हॅली’. गाडीइतकेच मुलखाला मोल देणाऱ्या अगदी पहिल्या देखाव्यांत तिची गणना होते. अहर्न यांनी आपल्या पद्धती पुस्तकांतून लिहून ठेवल्या, आणि नंतर या छंदात पडलेल्या कितीतरी जणांनी घरे आणि डोंगर करण्याचे धडे त्यांवरून गिरवले. त्यांच्या पश्चात ही रेल्वे पेंडनला आली. ती पाहताना जाणवते, की अहर्न यांना आवडलेली घरे ठिकठिकाणची असून येथे शेजारी झाली आहेत. रॉय इंग्लंड यांचा बाणा त्याहून करडा होता. एकाच खोऱ्यातली घरे, तीही एका ठरावीक काळातली, १९३० च्या आगेमागे जशी होती तशी.

ज्यासाठी मी गेलो होतो ते पुढे एका टेबलाशी सापडले. एक सत्तरी ओलांडलेले गृहस्थ, डोळ्याला भिंग लावून, मालगाडीचा एक डबा जुना करीत बसले होते. डबा बोटभर लांब. रंगसाहित्य म्हणावे, तर चार बाटल्या, दोन कुंचले, रंगीत खडूंची पूड आणि एक जुनी बनियन फाडून केलेले फडके. मी विचारले, “आपण याला मळवता कसे?”

“मळवत नाही,” ते म्हणाले, “हा डबा कुठेकुठे फिरला, ते आठवतो.”

मग त्यांनी रीत सांगितली. पहिला हात अगदी पातळ काळपट-तपकिरी रंगाचा. तो सगळीकडे फासायचा आणि फडक्याने पुसून घ्यायचा. मग तो फळ्यांच्या फटींत आणि खिळ्यांच्या डोक्यांभोवती तेवढा राहतो. पुसताना हात वरून खाली. कारण पाऊस वरून खाली वाहतो. आडवा पुसलेला डाग खोटा दिसतो. दुसरा हात कोरड्या कुंचल्याचा. कुंचला रंगात बुडवून कागदावर जवळजवळ सगळा पुसून टाकायचा आणि उरलेला कण उंचवट्यांवरून ओझरता फिरवायचा. जिथे हात लागतो, साखळी घासते, फावडे आपटते, तिथले काठ त्याने उजळतात. तिसरा हात पुडीचा: गंजाची, राखेची, धुळीची. सगळ्यावर शेवटी चकाकी मारणारे रोगण. आणि शुद्ध काळा रंग कधीच नाही. उजेडात ठेवलेली काळी वस्तू कधी काळी दिसत नाही. शिवाय वस्तू लहान झाली, की तिचा रंग मूळच्याहून गडद वाटतो, म्हणून सगळेच एक छटा फिके ठेवायचे.

ही झाली हातोटी. ती सहा महिन्यांत येते. पुढचे शिकायला जन्म लागतो, असे ते म्हणाले, आणि त्यांनी मला देखाव्याच्या कठड्याशी नेले. तेथे त्यांनी जे दाखवले, ते मी तोवर पाहत असूनही पाहिले नव्हते. स्टेशनच्या अलीकडे रुळांलगतची खडी तांबूस होती. गाडी थांबताना ओतीव लोखंडाचे ब्रेक चाकांना घासतात, त्यांची पूड उडते आणि खडीवर बसून गंजते. जेथे गाड्या थांबतात तेथे हा तांबूसपणा दाट, मोकळ्या मार्गावर विरळ. फलाटाच्या टोकाशी, इंजिन उभे राहते तेवढ्याच जागी, रुळांच्या मधोमध तेलाचा काळा पट्टा. रुळांवरून जाणाऱ्या पुलाच्या कमानीला खालून काजळी, पण ती फक्त रुळांच्या बरोबर वर, जेथे धुराडे येते तेथे. कमानीच्या बगलांचा दगड अजून पिवळा. इंजिनाच्या अंगावर पांढरे ओघळ होते. मला वाटले, रंग सांडला. पण तो होता क्षार. खोऱ्यालगतच्या टेकड्यांत खडू, त्यामुळे पाणी जड. ते बाष्पकातून कुठे पाझरले, की सुकताना पांढरी रेघ सोडते. म्हणजे टेकडीवरचा तो घोडा आणि इंजिनावरची ही रेघ, दोघांची माती एकच.

“आणि हे दुसरे इंजिन इतके लखलखीत कसे?” मी विचारले. त्याच्या धुराड्याचे तांब्याचे कडे आरशासारखे होते.

“ते एक्स्प्रेसचे. त्याला रोज रात्री पोरे पुसत असत. ड्रायव्हर व्हायचे असेल, तर आधी कित्येक वर्षे चिंध्या घेऊन इंजिने पुसावी लागत. त्याला मी मळवले, तर त्या पोरांच्या रात्री मी पुसून टाकीन.”

हे उत्तर मी गाठीला बांधून आणले आहे. प्रत्येक डागाला ‘तू इथेच का?’ असे विचारता आले पाहिजे, आणि स्वच्छ जागेलाही तोच प्रश्न. मळलेल्या मालडब्याला कुणी वाली नव्हता, आणि झळझळीत इंजिनामागे एका मुलाची झोपमोड होती. देखाव्यात माणसे थोडीच आहेत, पण जिन्याच्या झिजलेल्या पायरीत, दाराच्या कडीभोवती गुळगुळीत झालेल्या रंगात ती सगळीकडे आहेत. घराची मापे कागदावर उरतात. वापर उरतो तो या झिजेत, आणि दुरुस्तीच्या पहिल्या झपाट्यात जाते तीही हीच झीज. ग्रेट वेस्टर्न रेल्वे १९४८ च्या जानेवारीत राष्ट्रीयीकरणात विलीन झाली. ब्रिटिश रेल्वेची वाफेची नित्य वाहतूक १९६८ साली संपली. ती इंजिने आजही ठिकठिकाणी जपलेली आहेत, डिडकॉटलाही आहेत. पण ती कौतुकाची इंजिने. त्यांच्या अंगावर कामाच्या दिवसाची धूळ नसते. ती पाहायची, तर पेंडनच्या बोटभर डब्यावर पाहावी लागते.

परतीच्या गाडीत माझ्यातला मराठीचा मास्तर जागा झाला. इंग्रजांनी या सगळ्याला मिळून एक शब्द ठेवला आहे. आपल्याकडे कारण बदलले, की क्रियापद बदलते. कापड उन्हाने विटते. लोखंड पाण्याने गंजते. पितळ्याच्या भांड्यात आंबट राहिले, की ते कळकते. पायरी पावलांनी झिजते. भिंत चुलीच्या धुराने काजळते, ओलीने तिला लोणा लागतो, आणि चुन्याचे पोपडे सुटतात. कठडा पावसाने शेवाळतो, कागद काळाने पिवळतो, लाकडाला वाळवी लागते. त्या वृद्ध गृहस्थांना जे चाळीस वर्षांच्या निरीक्षणाने साधले, ते आपल्या आज्या-पणज्यांनी घर झाडतापुसता शब्दांत नोंदवून ठेवले होते. डाग पाहताच त्या कारण सांगत, आणि कारण कळले म्हणून चिंच लावायची की राख, तेही त्यांना कळे.

एवढी सामग्री घरात असताना आपला मुलूख कुणी असा केला पाहिजे, असे वाटल्यावाचून राहत नाही. सुरुवात झालेलीच आहे. पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले लघुरेल्वेचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले झाले. दिवे मंदावतात, गाड्या धावू लागतात, आणि लहानमोठी सगळी मंडळी काचेला नाक लावतात. एका माणसाच्या ध्यासातून केवढे उभे राहते, ते तेथे पाहावे. माझे मन धावते ते त्याच्याही पुढच्या एका कामाकडे, ते म्हणजे एका काळातला एक घाट.

बोरघाटच घ्या. रेल्वे तेथून १८६३ साली वर चढली. सदतीस फुटांना एक फूट असा चढ, पंचवीस बोगदे, आणि खंडाळ्याजवळ गाडीने तोंड फिरवून उलट्या दिशेने पुढे चढायचे ते स्थानक. कर्जत ते लोणावळा आजच्या मार्गाने अठ्ठावीस किलोमीटर. सत्त्याऐंशीपट लहान केले, तरी लांबी तीनशे मीटरांच्या वर जाते आणि उंची दुमजली घराएवढी होते. तेव्हा सगळा घाट नको. एक वळण, दोन बोगदे आणि एक पूल पुरे. पण आधी साल ठरवावे लागेल. १९३० च्या सुमारास घाटात वीज आली आणि गाडीचे तोंड फिरवण्याची ती जागाही मार्गातून गेली. त्याआधीचा देखावा केला, तर बोगद्यांच्या कपाळाला काजळी हवी. नंतरचा केला, तर वर तारा आणि तीच काजळी पावसाने धुपत चाललेली. महिनाही ठरवावा लागेल. श्रावणातला कातळ काळाभोर, प्रत्येक थरातून पाणी निथळते आहे, कठड्यावर शेवाळ आणि दगडांच्या सांध्यांतून नेचे. वैशाखात तोच कातळ राखाडी, आणि गवत सिंहाच्या आयाळीच्या रंगाचे. पेंडनचा पांढरा खडू येथे उपयोगाचा नाही. आपले दगड काळे, आपला पाऊस चार महिन्यांचा, आणि आपली माती जेथे तांबडी तेथे ती सगळ्यांवर बसते. नेरळहून १९०७ साली माथेरानला चढलेली ती दोन फुटी रुंदीची गाडी करायची, तर डब्याच्या खिडक्यांपासून हमालाच्या धोतरापर्यंत सगळीकडे तांबड्या धुळीचा एक हात फिरवावा लागेल.

यासाठी लागणारी माणसे अजून आहेत. इंजिनात कोळसा टाकलेले, घाटात पावसाळी पहारा केलेले, स्टेशनच्या कौलांवरची शेवाळ खरवडलेले निवृत्त रेल्वेवाले आपल्या आळीत, आपल्या नात्यात असतील. आपल्या मुख्य मार्गांवरूनही वाफेची इंजिने १९९५ च्या सुमारास गेली. तेव्हा पंचविशीत असलेला फायरमन आज पन्नाशी ओलांडून गेला आहे. त्याला विचारले, तर तो सांगेल की धुराची काजळी बोगद्याच्या कोणत्या बाजूला जास्त बसे, आणि पावसात रूळ कुठे निसरडे होत. हे कुठल्या नकाशात नसते. कुणी विचारले नाही, तर ते त्याच्याबरोबरच जाईल. आणि शब्दही जातील. चुली गेल्यापासून ‘काजळणे’ हे क्रियापद माझ्या वर्गात समजावून सांगावे लागते. कल्हईवाला दारावर येईनासा झाल्यापासून ‘कळकणे’ही.

या सुटीत घराघरांतून जळमटे निघतील, भिंतींना रंग लागेल, पितळी समया चिंचेने घासल्या जातील. ते व्हायलाच हवे; घर राहत्या माणसांसाठी असते. फक्त रंगाचा ब्रश देवडीच्या चौकटीपाशी पोचण्याआधी घरातल्या पोरांना बोलावून ती चौकट एकदा दाखवावी. कडीशेजारी लाकूड गुळगुळीत का झाले, उंबरठा मधोमधच का खोलगट झाला, आणि कोनाड्यावर पणतीच्या आकाराचा तो काळा डाग कोणी आणि किती वर्षांत काढला, हे त्यांना विचारावे. येत नसेल, तर घरातल्या थोरल्या माणसाने सांगावे. आणि मुलांचा किल्ला तयार झाला, की त्याच्या पायऱ्या मधोमध थोड्या खरवडून ठेवाव्यात. एवढे मावळे तेथून रोज वरखाली करतात, तेव्हा त्या झिजलेल्याच असणार.